बिऱ्हाड कोठे करावे? अतिचंचल बालकाचे शिक्षण आणि पालकांपुढील निवड

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे आसपासच्या खेड्यांच्या व्यवहाराचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ याच तालुक्यात आहे. ऊस, कापूस आणि मोसंबी ही या भागातील शेतकऱ्यांची परिचित पिके. दर वर्षी जून महिना जवळ आला, की पेरणीच्या चिंतेबरोबरच येथील अनेक घरांत आणखी एका प्रश्नाचा खल सुरू होतो. मुलाला गावातल्याच शाळेत ठेवावे, की त्याच्या शिक्षणासाठी अंबड, जालना अथवा छत्रपती संभाजीनगर येथे बिऱ्हाड करावे? शेती सांभाळण्यासाठी वडील गावी आणि भाड्याच्या दोन खोल्यांत आई व मुले शहरात, ही व्यवस्था मराठवाड्यात आता नवलाची राहिलेली नाही. नोकरदारांपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. नेमणूक गावात, मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड शहरात आणि मग रोजचे अपडाऊन.

घरातील मूल अतिचंचल असेल, तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. गावात शाळेतून रोज तक्रारी येतात. नातलग सांगतात, की शहरातील मोठ्या शाळेत घाला, आपोआप वळण लागेल. कोणी वसतिगृहाचा उपाय सुचवितो. कर्ज काढून बिऱ्हाड हलविले जाते आणि वर्षअखेरीस पुन्हा त्याच तक्रारी ऐकू येतात. असे का होते, आणि ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार पालकांनी तर करावाच. परंतु शिक्षक, पंचायत सदस्य आणि संबंधित अधिकारी यांनीही करणे अगत्याचे आहे. कारण पालक सल्ल्यासाठी प्रथम येतात ते त्यांच्याचकडे.

अतिचंचलता म्हणजे काय?

लहान मूल चंचल असणे स्वाभाविक आहे. परंतु काही बालकांच्या बाबतीत लक्ष न टिकणे, एका जागी बसता न येणे आणि विचार करण्यापूर्वीच कृती करून मोकळे होणे या गोष्टी वयाच्या मानाने फारच अधिक असतात. शिक्षकाने प्रश्न पुरा करण्यापूर्वी उत्तर देणे, रांगेत थांबता न येणे, दप्तर, पेन्सिल, डबा रोज हरवणे, सोपा हिशोबही अर्धवट सोडणे ही त्याची नित्याची लक्षणे होत. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणतात. एडीएचडी या आद्याक्षरांनी ती आता अनेक पालकांच्याही कानावर आलेली आहे.

ही अवस्था आजकालची नव्हे. लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा बालकांचे वर्णन केलेले आढळते. आज प्रचलित असलेले नाव मात्र १९८७ पासूनचे आहे. जगातील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शंभर बालकांमागे सुमारे पाच बालकांत ही अवस्था दिसून येते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एखाददुसरे मूल असणे अपेक्षितच आहे. मुलग्यांत तिचे निदान अधिक होते. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपणा अधिक असतो. त्यामुळे वर्गात मुकाट बसलेली, पण लक्ष दुसरीकडेच असलेली मुलगी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी आवर्जून पाहतात. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, आणि ती शाळा व घर अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत. केवळ एका शिक्षकाच्या तासाला मूल दंगा करीत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय, अपुरी झोप अथवा घरातील कलह यांमुळेही मुलाचे लक्ष उडते. म्हणून कान, डोळे व सर्वसाधारण प्रकृती यांची तपासणी आधी होणे आवश्यक असते.

या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईचे लाड, वडिलांचा धाक नसणे किंवा बुद्धी कमी असणे ही तिची कारणे नव्हेत. साहजिकच मारल्याने ती बरी होत नाही. उलट रोज मार आणि अपमान वाट्याला आलेले मूल शाळेलाच कंटाळते, आणि पुढे सातवी-आठवीच्या सुमारास त्याचे नाव पटावर उरते, पण ते मूल वर्गात दिसत नाही. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

आठशे तास आणि बारा भेटी

अशा बालकाला दोन प्रकारचे साहाय्य लागते. एक तज्ज्ञांचे आणि दुसरे शिक्षकांचे. बिऱ्हाडाचा निर्णय घेताना या दोहोंचे प्रमाण ध्यानात घेतले जात नाही, तेथेच गफलत होते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावयास हवे. याच्या तुलनेत तज्ज्ञ डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची भेट महिन्यातून एकदा धरली, तरी वर्षात बाराच भेटी होतात. मूल डॉक्टरांसमोर बारा वेळा बसते आणि शिक्षकांसमोर आठशे तास. तेव्हा राहण्याचे ठिकाण निवडावयाचे ते या आठशे तासांकडे पाहून. बारा भेटींसाठी एस. टी.ने जाऊन परत येता येते.

आता प्रवासाचे गणित पाहावे. मुलाला रोज एका बाजूस एक तासाचा प्रवास घडला, तर २०० दिवसांत ४०० तास रस्त्यावर जातात. पहिली ते पाचवीच्या वर्षभराच्या अध्यापनाच्या हे निम्मे होय. सहा ते बारा वर्षांच्या बालकास दिवसाला ९ ते १२ तास झोप आवश्यक मानली जाते. पहाटे उठून गाडी पकडणाऱ्या मुलाची झोप तुटते, आणि झोप तुटली की निरोगी मुलाचेही लक्ष लागत नाही. अतिचंचल मुलाची तर गोष्टच निराळी. यावरून असे म्हणता येईल, की अपडाऊन करावयाचेच असेल तर ते मोठ्या माणसाने करावे, मुलाच्या वाट्याला ते येऊ देऊ नये.

वर्गात काय करता येते?

शिक्षकाचे साहाय्य म्हणजे काही खर्चिक योजना नव्हे. मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी व दारापासून दूर बसविणे ही पहिली गोष्ट. सूचना एका वेळी एकच द्यावी, ती थोडक्यात द्यावी आणि मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्यावी. दहा गणिते एकदम न देता तीन द्यावीत. ती झाली की पुढची तीन. वह्या वाटणे, फळा पुसणे, कार्यालयात निरोप नेणे अशी कामे मुद्दाम त्याच्याकडे सोपवावीत. त्यामुळे त्याला हालचालीस वाव मिळतो आणि चार मुलांत मानही मिळतो. चांगली कृती घडताच तेथल्या तेथे शाबासकी द्यावी. आठवड्याने दिलेल्या बक्षिसाचा अशा मुलावर फारसा परिणाम होत नाही. शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास मात्र कधीही बंद करू नये, कारण त्याला त्याचीच अधिक गरज असते.

याखेरीज एक छोटी नोंदवही अत्यंत उपयुक्त ठरते. जागेवर बसणे, काम पुरे करणे व दुसऱ्याला न मारणे अशी दोन-तीन उद्दिष्टे त्यात लिहावीत. शिक्षकांनी रोज त्यापुढे खूण करावी. पालकांनी संध्याकाळी ती पाहून मुलाचे कौतुक करावे. वागणुकीतील सुधारणेसाठी ही रीत जगभर वापरली जाते आणि तिला एका वहीपलीकडे खर्च नाही.

कायद्याचाही या कामास आधार आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये बालकास शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यास मनाई आहे. कलम २४ प्रमाणे प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून त्यास जरूर ते पूरक अध्यापन देणे आणि पालकांशी नियमित विचारविनिमय करणे हे शिक्षकांचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. या गोष्टींसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

तज्ज्ञांचे साहाय्य कोठे मिळते?

तज्ज्ञांपर्यंत पोचण्याचा मार्गही गावातूनच सुरू होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशा पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शासकीय शाळेस वर्षातून एकदा भेट द्यावी, अशी त्याची रचना आहे. ज्या आजारांसाठी ही तपासणी होते, त्यांत अध्ययन अक्षमतेबरोबर अतिचंचलतेचाही स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पथक येण्यापूर्वी शिक्षकांनी अशा बालकांची निरीक्षणे लिहून ठेवली, तर संशयित बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे सुलभ होते. पथकाच्या धावत्या भेटीत चंचलता दिसेलच असे नाही. वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकाची नोंद मात्र डॉक्टरांना मोलाची वाटते.

जालना येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. छत्रपती संभाजीनगर येथे ‘घाटी’ या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय तर मराठवाड्याला जुन्या परिचयाचे आहे. मनाच्या आरोग्यासंबंधी दूरध्वनीवरून सल्ला देणारी टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

काही बालकांना डॉक्टर औषध देतात. लहान वयात आधी पालकांना मार्गदर्शन व वर्तनोपचार, आणि गरज भासल्यास पुढे औषध, असा सर्वसाधारण क्रम असतो. यातील मिथाइलफेनिडेट हे औषध अनुसूची एक्समध्ये मोडते. ते विकण्यास स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते व दुकानदारास एक प्रत जपून ठेवावी लागते. गावच्या दुकानात ते सहसा मिळणार नाही, हे गृहीत धरून शहरातील भेटीच्या वेळीच पुढील भेटीपर्यंतची तजवीज करून ठेवणे श्रेयस्कर. औषध चालू असता भूक, वजन व झोप यांवर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू अथवा बंद करू नये.

प्रमाणपत्रासंबंधी एक बाब स्पष्ट होणे इष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र अतिचंचल बालकांपैकी अनेकांना वाचन, लेखन अथवा गणित यांतील अध्ययन अक्षमताही असते. अशा बालकाची त्या दृष्टीने तपासणी झाल्यास त्यास परीक्षेतील सवलती मिळू शकतात. महाराष्ट्राने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना अशा सवलती १९९६ पासून दिल्या आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाची ८ वर्षे पूर्ण झाल्यावर देण्याची व १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद होती. तेव्हा पहिलीतील मुलाच्या प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा, तिसरीच्या सुमारास तपासणी चुकवू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे.

शहराची निवड

अमेरिकेत सार्वजनिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते आणि विशेष शिक्षणाची जबाबदारी त्या भागाच्या शिक्षण मंडळावर असते. १९९१ साली तेथील शिक्षण खात्याने अतिचंचल बालकेही या साहाय्यास पात्र ठरू शकतात, असे स्पष्ट केले. म्हणून तेथील पालक कामावर ये-जा करण्याजोगे उपनगर निवडताना शाळांची चौकशी आधी करतात. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. येथे साहाय्य उपनगराच्या नावाशी बांधलेले नसते. ते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर आणि वर्गशिक्षकांवर अवलंबून असते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचे उपचार-केंद्र आहे. म्हणून डोंबिवली किंवा कल्याण येथे राहणाऱ्या पालकांना तज्ज्ञ तुलनेने जवळ लाभतात. परंतु मुलाच्या वर्गात पन्नास-साठ मुले असतील आणि शिक्षक त्रासलेले असतील, तर जवळचा तज्ज्ञ त्या आठशे तासांत काय करणार?

म्हणून शहरात बिऱ्हाड करण्यापूर्वी पालकांनी इमारत व निकाल यांपलीकडे काही गोष्टी विचाराव्यात. वर्गात मुले किती? शिक्षण हक्क अधिनियमात प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे ३० व उच्च प्राथमिक स्तरावर ३५ हे प्रमाण सांगितले आहे. मूल चंचल आहे असे आधीच सांगितल्यावर मुख्याध्यापकांची प्रतिक्रिया कशी होती? वर्गशिक्षक रोजची नोंदवही भरण्यास तयार आहेत का? खेळास मैदान आहे का? शाळेशी किंवा केंद्राशी संलग्न विशेष शिक्षक येतात का? घरापासून शाळा पायी जाण्याइतकी जवळ आहे का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी साधी शाळा ही नामांकित शाळेपेक्षा चांगली समजावी.

माध्यम बदलताना विशेष सावधगिरी बाळगावी. मराठीतून शिकणाऱ्या अतिचंचल मुलास एकाएकी इंग्रजी माध्यमात घालणे म्हणजे त्याच्या ओझ्यावर दुसरे ओझे ठेवणे होय. वसतिगृहाचा निर्णयही घाईने घेऊ नये. या मुलास घरातील माणसाचे रोजचे लक्ष, ठरलेली वेळ आणि लगेच मिळणारे कौतुक यांची गरज असते. शंभर मुलांच्या वसतिगृहात ते मिळणे अवघड जाते. बिऱ्हाड विभागले तर वडिलांचा सहवास तुटतो आणि सारा भार एकट्या आईवर पडतो, हाही हिशोब भाड्याच्या हिशोबाबरोबर मांडला पाहिजे.

गावातील शाळेत मुलाला समजून घेणारे शिक्षक असतील आणि महिन्याकाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जाणे शक्य असेल, तर गाव सोडण्याचे कारण नाही. याउलट, सर्व प्रयत्न करूनही शाळेत मारहाण थांबत नसेल, किंवा मुलाला वाचा अथवा अध्ययनासाठी आठवड्यातून अनेकदा उपचारांची गरज असेल, तर शहरात जाणे योग्य ठरते. अशा वेळी अधिनियमाच्या कलम ५ अन्वये दुसऱ्या शासकीय अथवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क बालकास आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही.

ज्यांना निवड नाही त्यांच्यासाठी

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना बिऱ्हाड कोठे करावे हे ठरविण्याची मुभाच नसते. दिवाळीनंतर ते कारखान्याच्या वाटेने जातात आणि लेकरू त्यांच्याबरोबर जाते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. त्या कार्डाबरोबर वर्गशिक्षकांनी चार ओळींची चिठ्ठी जोडली, मूल कशाने शांत बसते, कोणती सूचना त्याला समजते, औषध चालू आहे काय, एवढे जरी त्यात लिहिले, तरी नव्या शिक्षकांचे व मुलाचे पहिले दोन महिने वाया जात नाहीत. मूल हंगामी वसतिगृहात अथवा आजी-आजोबांजवळ गावी राहिले, तर त्याच्या औषधाची व डॉक्टरांच्या तारखेची जबाबदारी कोणाकडे, हे जाण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. समितीच्या एका बैठकीत अतिचंचलता हा विषय घेणे, आरोग्य पथकाच्या भेटीची तारीख पालकांना आगाऊ कळविणे, संदर्भित केलेली मुले प्रत्यक्ष जिल्हा केंद्रावर पोचली की नाही याची चौकशी करणे, ही कामे समितीच्या आवाक्यातील आहेत. पंचायत सदस्यांनी जिल्ह्याला जाण्याची एक तारीख ठरवून अशा तीन-चार पालकांना एकत्र पाठविले, तर वाटखर्च वाचतो आणि एकटेपणाची भावनाही ओसरते. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत वर्गातील उपायांचे प्रात्यक्षिक ठेवावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांना शक्य असेल, तर ज्या शिक्षकाशी असे मूल जुळले आहे, त्याच्याकडेच ते पुढील वर्षीही राहील अशी वर्गवाटणी सुचविता येईल.

गावोगावच्या कुटुंबांनी बिऱ्हाड हलवावे किंवा हलवू नये, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. परंतु जून महिन्यात एखादे जोडपे मुलाचा दाखला मागण्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत येते, तेव्हा दाखला लिहिण्यापूर्वी त्यांना बसवून घेऊन, ‘मुलाला येथे काय कमी पडले?’ एवढे विचारले जावे. उत्तरात अनेकदा पहिल्या बाकाची, एका नोंदवहीची आणि न मारण्याच्या शब्दाची मागणी निघेल. ती पुरी करण्यास जालन्याला जावे लागत नाही.